दात तिचे आहेत

१२ जून

धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? दुकानातल्या उंच शिडीवर अजून स्वतःच चढतोस असं कळलं. वरच्या फळीवरचं कापड काढायला दोन नोकर ठेवलेस, ते काय गिऱ्हाइकांना वारा घालायला? वहिनीच्या हाताला मुंग्या यायच्या, त्या गेल्या का? तिला म्हणावं, हात उशाला घेऊन झोपू नकोस. थोरल्याचा खोकला बरा? त्याच्या बायकोला दिवस गेलेत हे मला कुणी कळवलं नाही, पण मला कळलंय आणि मी रागावलेली नाही. तुझ्या सासूबाई अजून वहिनीला शेजारीण समजून तिच्यापाशीच वहिनीच्या कागाळ्या करतात का? करू देत. निदान तोंडावर तरी बोलतात. दुकानातले शिंपीमामा कसे आहेत? त्यांची खालची कवळी सैल झाली असेल तर पाठवून दे, घट्ट करून देते. निवृत्त झाले म्हणून हात गंजले नाहीत माझे.

इकडे आम्ही ठीक. आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं, पण सिनेमाला जायचं म्हटलं की जिन्यावरून ऐकू येतं. जन्मभर बस चालवली, त्यामुळे सिनेमात गाड्यांशिवाय काही बघत नाहीत. परवा घाटात हिरो खलनायकाच्या मागे लागला होता, सगळं थिएटर श्वास धरून बसलेलं, आणि हे मोठ्यांदा म्हणाले, "अरे गाढवा, गिअर बदल की!"

आता तुझ्या मुलीचं. तिची चौकशी तू केली नाहीस. पोस्टकार्डावर चार ओळी, त्यातही सगळं "तिला सांग, तिला सांग." मी फोन केला तर माझा आवाज ऐकून तू तो आपटलास. म्हणून हे पत्र. पत्र आपटलं तरी फुटत नाही.

भिंगरी माझ्याकडे सुखरूप आहे. जेवते, झोपते, ह्यांच्याशी पत्ते खेळते आणि लबाडी करते. दात जागेवर आहेत. सगळे.

तू लिहितोस, डॉक्टरांची सोमवारची वेळ पुन्हा घेतली आहे, निर्माते थांबणार नाहीत. नाही थांबणार, ठाऊक आहे. सेटच्या पडद्यांचं कापड घ्यायला तुझ्या दुकानात आले, कापड मोजणाऱ्या भिंगरीकडे बघून म्हणाले, "मुलगी शोभेल नायिका म्हणून. पुढचे दात तेवढे करून घ्या." तेवढे! जसं काही पडद्याला दुमड घालायची आहे. अरे, दोन दातांमधली एक फट बुजवायला चार धडधाकट दात घासून त्यांचे खुंट करायचे आणि वर कॅपा चढवायच्या. मी दातांच्या डॉक्टरांच्या मागल्या खोलीत उभा जन्म कवळ्या करण्यात घालवला. एकदा घासलेला दात कुणाच्या बापालाही परत आणता येत नाही. तुलाही नाही, आणि तू तर तिचा बाप आहेस.

मी तिला फूस लावली असा तुझा आरोप आहे. साफ खोटं. मी अवाक्षर बोलले नाही. ती डॉक्टरांच्या खुर्चीवरून आपल्या पायांनी उठली, पिशवी उचलली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. दारात आलेल्या भाचीला काय पत्ता विचारू?

आपली लाजरी आठव जरा. आपण दोघांनी साऱ्या नटनट्यांची बारशी पुन्हा केली होती, त्यामुळे त्यांची खरी नावं मला आता आठवतही नाहीत. लाजरीच्या सुळ्यावर सुळा होता. हसायला लागली की ओठ त्या सुळ्यावर अडायचा, ती तो सोडवायची आणि मग हसू सांडायचं. त्या अडण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकिटं काढायचे. तिसऱ्या सिनेमानंतर बाई दात सरळ करून आल्या. तू माझ्या शेजारी बसला होतास, शाळेच्या कपड्यांत. पडद्यावर ती हसली आणि तू मला विचारलंस, "अक्का, ही कोण?" संपलंच मग. त्यानंतर तिचा एक सिनेमा चालला असेल तर माझं नाव बदल.

आणि तुझा लाडका कोटवाला? साठीला आला तरी बापाची भूमिका घेईना. डोक्यावर टोप, पोटाला पट्टा. पट्टा इतका आवळलेला की नाचताना धाप लागायची, म्हणून दिग्दर्शक गाण्याच्या दर ओळीनंतर झाडं दाखवायचा. शेवटी शेवटी त्याच्या सिनेमात माणसांपेक्षा झाडं जास्त. जो नट आपलं तोंड आणि आपलं वय लपवायला लागला, तो पडद्यावरून उतरला असं समज. माझं हे मत आजचं नाही आणि उद्या बदलणारही नाही.

तेव्हा सोमवारी ती येणार नाही. मंगळवारीही नाही. हसतील त्यांचे दात दिसतील. आमच्या पोरीचे तर आधीच दिसताहेत, फटीसकट. आणि ती फट आपल्या आईची आहे, हे तुला आठवत नसेल तर भिंतीवरच्या तसबिरीकडे बघ.

तुझी
अक्का


५ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद.

चार पानी पत्र! म्हणजे राग उतरतोय तरी किंवा नीट चढतोय तरी. दोन्ही चालेल. पोस्टमनच्या हातातून भिंगरीनेच पाकीट घेतलं, अक्षर ओळखलं, नाव वाचलं आणि माझ्या पुढ्यात ठेवून गॅलरीत गेली. पाकिटावर माझं नाव होतं. आत तिच्याविषयी चार पानं, पण तिला उद्देशून एक ओळ नाही. असो. मी फक्त काय घडलं ते सांगते.

तू लिहितोस, लाजरी दातांमुळे पडली नाही, तिने मेव्हण्याच्या कंपनीचे तीन भिकार सिनेमे केले म्हणून पडली. बरं, मेव्हणा मी विसरले होते. सिनेमे भिकार होते हे कबूल. पण भिकार सिनेमात माणूस आवडत्या नटीचं तोंड बघून तरी बसतो ना? तिथे तोंडच दुसरं होतं. तुझा मुद्दा अर्धा घेते, अर्धा परत पाठवते.

रंगीत सिनेमा चार दिवसांचा पाहुणा आहे असं मी म्हणाले होते, तेही तू काढलंस. म्हणाले होते. डोळ्यांना त्रास व्हायचा माझ्या. आणि ज्याला आपण सुतकी म्हणायचो तो सगळ्यांना मागे टाकेल असं मी पैजेवर सांगितलं होतं आणि तो आता खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीत खोकतो, हेही खरं. पण काय खोकतो! बघितलंस का? मागच्या सात पिढ्या खोकताहेत असं वाटतं.

आणखी एक. मी अवाक्षर बोलले नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. एक अक्षर बोलले होते. तिने दवाखान्यातून फोन करून विचारलं होतं, "आत्या, घासलेला दात पुन्हा वाढतो का?" मी म्हणाले, "नाही." याला फूस म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आता बातमी. बस आणि ऐक. भिंगरीला काम मिळालं.

एक किडकिडीत दिग्दर्शक आहे, आम्ही त्याला चष्मेवाला म्हणतो. सिनेमा छोटा, माणसं थोडी, गाणी नाहीत. भूमिका आईची. लग्न होऊन घरात येते तिथपासून सत्तरीपर्यंत. मुलाचं काम करणारा नट भिंगरीपेक्षा वयाने मोठा आहे. आता तू उठून उभा राहिला असशील. बस खाली, गुडघा दुखेल.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे: सव्विसाव्या वर्षी आई झाली की संपली, पुन्हा नायिका कुणी करणार नाही. बरोबर आहे. नाही करणार. पण आपण जिला आईसाहेब म्हणायचो तिचा हिशेब मांड. तिशीतच पांढरे केस लावले आणि बसली. हिरोंच्या तीन पिढ्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून मेल्या, ही आपली जिवंत! तिच्यासोबत आलेल्या नायिकांपैकी एकीचं नाव सांग, मी तुझं पत्र फ्रेम करून लावते. नायिका म्हणजे पाहुणी. आई घरची असते. पाहुणी चार दिवसांनी जाते, घरची चाळीस वर्षं राहते.

इथवर लिहिलेलं हे सगळं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. मोठ्यानेच वाचावं लागतं. तेवढ्यात भिंगरी गॅलरीतून आत आली.

"आत्या, तुम्ही दोघं माझ्या तोंडात हात घालून भांडताय."

मी म्हणाले, "अगं, मी तर तुझ्याच बाजूने..."

"बाजू नको मला. दात माझे आहेत. बाबा म्हणतात बुजव, तू म्हणतेस बुजवू नकोस. मला काय करायचंय ते एकाने तरी विचारलं का?"

हे म्हणाले, "काय म्हणते ती?"

मी म्हणाले, "मला रागावते."

"मग बरोबर आहे," हे म्हणाले आणि पत्ते पिसायला लागले. ह्यांना ऐकू येत नाही हे माझं मत मी आता मागे घेते.

मी विचारलं तिला. म्हणाली, "मला नायिका व्हायचं नाही आणि तुझी ती आईसाहेबही व्हायचं नाही. त्या गोष्टीतली बाई जन्मभर सगळ्यांचं ऐकते आणि सत्तराव्या वर्षी एकदाच चिडते. ते चिडणं मला करायचंय. एवढंच."

एवढंच. म्हणजे तुझंही नाही आणि माझंही नाही. मला जरा लागलं. पण चिडायला आलेली मुलगी मला रडायला आलेल्या मुलीपेक्षा केव्हाही आवडते.

कागदावर सही झाली आहे. तुझी परवानगी मागायला हे पत्र नाही.

अक्का


१९ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "आईच व्हायचं असेल तर घरी येऊन लग्न करून हो म्हणावं."

हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला नाही का रे? मी ते तिला दाखवलं नाही. साखरेच्या डब्याखाली सरकवलं. पण सकाळचा चहा तीच करते, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. तिने वाचलं, पुन्हा होतं तसं ठेवलं आणि माझ्या चहात दोनदा साखर घातली. त्यावरून मला कळलं. तिने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. दुपारी फक्त ह्यांना म्हणाली, "काका, बाबांना माझं अक्षर तरी आठवत असेल का?" ह्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातातला हुकमाचा एक्का मुद्दाम तिला देऊन टाकला. नवऱ्याला मी जन्मभर रुक्ष म्हणत आले.

माझ्या डॉक्टरांच्या मागल्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. परवानगी घेऊन महिनाभर तिथेच बसले होते, ते का, ते सांगते. सांगितलं नसतं, पण दुसऱ्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाण्यापेक्षा माझ्या तोंडून गेलेलं बरं.

म्हातारपणी माणसाचं तोंड बदलतं. नुसते पांढरे केस लावून भागत नाही. चष्मेवाला म्हणाला, हिच्या दातांवर चढवायला म्हाताऱ्या दातांची एक पातळ खोळ हवी, शॉट संपला की काढता येईल अशी. ती कोण करेल? मी म्हणाले, आणखी कोण करेल? भिंगरीच्या दातांचं माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा काढला, मेणात दात उभे केले. रंग चार वेळा बदलला, जरा पिवळट, जरा मळकट. कडा झिजवल्या. हिरड्या उतरवल्या. धाकट्या, आजवर केलेल्या कामांत ते काम पहिलं ठेवावं असं झालं होतं. डॉक्टर स्वतः उचलून बघून गेले.

मग आम्ही चित्रीकरणाला गेलो. बंद पडलेली एक शाळा भाड्याने घेतली होती. बाक भिंतीला लावलेले, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेली वर्तुळं, जमिनीवर वायरींचं जाळं. मेकअप करणाऱ्याने भिंगरीला केस लावले, सुरकुत्या काढल्या. मी माझ्या हाताने तिच्या दातांवर खोळ बसवली. ती वळली आणि हसली.

हातातली कामं सोडून सगळे बघायला लागले. मी मनात म्हणाले, बघा, जागच्या जागी खिळले.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "मावशी, दात फार सुंदर झालेत. पण ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? तुमची म्हातारी."

"आमच्या म्हातारीला तरुणपणी फट आहे. ते सगळं चित्रित झालंय. आता लोकांनी हिला ओळखायचं कशावरून?"

मी भिंगरीच्या तोंडाकडे बघितलं. फट नव्हती. मी बुजवली होती. जिच्यासाठी तुझ्याशी दोन महिने भांडले, ती फट मी माझ्या हाताने मेण भरून, घासून, पॉलिश करून बुजवली होती आणि मला पत्ताही नव्हता. हाताने केलं. जन्मभर जे तोंड समोर आलं त्यातली फट बुजवली, हाताला तेवढंच ठाऊक.

हस. पोट धरून हस. वहिनीलाही वाचून दाखव. पण "अक्का हरली" असं लिहिलंस तर याद राख. मी चुकले, हरले नाही. दोन्ही वेगळं असतं, आणि हे तुला दुकानात उभं राहून कळायला हवं होतं. चुकीचं कापड फाडलं म्हणून कुणी दुकान बंद करतं का?

तिथे मात्र मी काही हे शहाणपण दाखवलं नाही. चांगली भांडले. म्हणाले, "फट ठेवून कवळी करणं म्हणजे भोक पाडून घडा विकणं. मी असलं काम करत नाही." आणि खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. भिंगरी माझ्यासमोर उकिडवी बसली, त्या पांढऱ्या केसांत, आणि म्हणाली, "आत्या, लाजरीच्या वेळी बाबांनी तुला काय विचारलं होतं?" मी म्हणाले, "मला शिकवू नकोस." ती म्हणाली, "बरं." आणि तशीच बसून राहिली. म्हातारीच्या वेशातल्या तरुण मुलीने असं आपल्याकडे टक लावून बघितलं ना, की फार वेळ टिकाव धरता येत नाही.

परत केली. पण फट सोपी नसते, हे मला या वयात कळलं. म्हातारपणी फट रुंदावते, दात पुढे झुकतात, एखादा तिरपा होतो. त्याचा नमुना कुठून आणायचा? माझ्याकडे आलेल्या म्हाताऱ्या फट घालवायला आलेल्या. मग बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे म्हाताऱ्या दिसतील तिथे त्यांच्या तोंडाकडे बघत बसायला लागले. एक बाई माझ्यावर खेकसली, "काय गं, माझ्या तोंडात सिनेमा लागलाय का?" मी म्हणाले, "लागायचाय, ताई. जरा हसा बघू पुन्हा." ती आधी चिडली, मग हसली. तिचीच फट शेवटी मी उचलली.

दुसरी खोळ चष्मेवाल्याने एकदाच बघितली. सरळ कॅमेऱ्यामागे गेला.

तेव्हा आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत, हे मी मान्य करते. पण माझी चूक मेणात झाली, ती मोडून पुन्हा करता आली. तुझी तिच्या हाडात झाली असती. हा फरक मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

आणि हो. त्या दिवशी फोनवर "नाही" म्हटल्यावर "ऊठ तिथून" असंही म्हणाले होते. झालं आता सगळं सांगून.

अक्का


२ डिसेंबर

धाकट्या,

वहिनीच्या पत्रातून नातीची बातमी कळली. बाळ-बाळंतीण दोघींना आशीर्वाद. तू आजोबा झालास, आता तरी शिडीवरून उतर.

तुझं पाकीट मिळालं. आत नुसतं वर्तमानपत्राचं कात्रण: त्या निर्मात्यांच्या सिनेमाची जाहिरात, भिंगरीच्या जागी घेतलेल्या मुलीचा हसरा फोटो, वर "सर्वत्र गर्दीत चालू". सोबत शब्द नाही. बोलायचं ते कात्रण बोललं. भिंगरीने बघितलं, म्हणाली, "छान दिसते." आणि मेजावरच ठेवून दिलं.

आम्ही बघून आलो. दोनदा. पहिल्यांदा नावं ठेवायला गेले आणि विसरले, म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं. सिनेमा चांगला आहे. खोटं कशाला बोलू? मुलगी मेहनती आहे, नाचते झकास, आणि आजारी बापाला दार उघडून देते त्या प्रसंगात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनीसुद्धा गाड्यांना नावं ठेवली नाहीत. मी टाळ्या वाजवल्या.

यावरून तू काय समजायचं ते समज. मी एवढंच समजते, की एक चांगला सिनेमा एका चांगल्या मुलीला मिळाला. आपल्या मुलीचं काही चोरीला गेलं नाही. तिच्या दातांवर कॅपा असतील तर असोत, तिने त्या स्वखुशीने घातल्या असतील तर तिचंही भलं होवो. मी फटीची भक्त नाही रे. जिचे दात तिने ठरवावं, इतकंच माझं आता म्हणणं आहे. आधी माझं म्हणणं जरा मोठं होतं, ते झिजून एवढं उरलं. पण उरलं ते पक्कं आहे.

पुढच्या वेळी कात्रणासोबत चार शब्द पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

अक्का


११ फेब्रुवारी

धाकट्या,

सगळ्यांची खुशाली वहिनीकडून कळते, म्हणून या वेळी विचारत नाही. रागाने नाही, घाईत आहे.

भिंगरीचा सिनेमा इथे एका थिएटरला लागला. एकच खेळ, दुपारचा. आम्ही तिघं गेलो. हॉल अर्धाही भरला नव्हता. पुढच्या रांगेतले दोघं गाणं येईल म्हणून वाट बघून बघून मध्यंतरात उठून गेले. एका वर्तमानपत्राने कंटाळवाणा म्हटलंय, दुसऱ्याने बरा म्हटलंय आणि भिंगरीचं नाव चुकीचं छापलंय. आठवडाभर चालून उतरला. तेव्हा माझं भाकीत खरं झालं असं मी म्हणू शकत नाही, आणि तुझं झालं असं तुला म्हणू देणार नाही.

पण शेवटचा प्रसंग ऐक. सत्तरीची बाई. मुलगा आणि सून तिची खोली रिकामी करताहेत, तिला न विचारता. ती दारात उभी. मला वाटलं, आता ओरडेल. आपल्या सगळ्या आईसाहेब ओरडायच्या, छाती पिटायच्या. ही ओरडली नाही. मुलाच्या हातातली उशी काढून घेतली, पलंगावर परत ठेवली, बसली आणि म्हणाली, "आधी विचार." दोन शब्द. मग त्याने विचारेपर्यंत नुसती बघत राहिली, तोंड थोडं उघडं, फट दिसते न दिसते. धाकट्या, अर्धा हॉल असला तरी तो अर्धा हॉल खोकलासुद्धा नाही. ह्यांनी माझा हात धरला. थिएटरात ह्यांनी माझा हात याआधी कधी धरला होता ते आठवत नाही, बहुधा नव्हताच धरला.

दिवे लागले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "ही म्हातारी नटी कोण गं? पूर्वी कशात तरी बघितलीय." भिंगरी त्यांच्या बरोब्बर पुढे बसली होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसती खांदे हलवून हसत होती.

त्यानंतर तिला तीन कामं सांगून आली. दोन आया आणि एक आजी. मला आभाळ ठेंगणं झालं. म्हणाले, "घे! तिन्ही घे! जन्माची सोय झाली!" तिने तिन्ही नाकारली.

कडाक्याचं भांडण झालं आमचं. मी आईसाहेबांपासून सगळे दाखले दिले. ती म्हणाली, "आत्या, बाबांना मला एका खुर्चीत बसवायचं होतं, तुला दुसऱ्या. दोन्ही खुर्च्या तुमच्याच." आणि तिने कसलं काम घेतलं असेल? एका विनोदी सिनेमात पाकीटमार बाईचं! चारच प्रसंग, चौथ्यात पकडली जाते. गेले आठ दिवस ह्यांच्या खिशातून चष्मा, रुमाल, किल्ल्या सगळं गायब होतंय आणि हे खूश आहेत. माझ्या मते हा निर्णय चूक आहे. पाकीटमार बाईचं करिअर झालेलं मी कुठेही बघितलेलं नाही. पण माझं मत तिने विचारलं नव्हतं, म्हणून ते मी तुला सांगतेय.

आता कामाचं. भिंगरीचा सिनेमा पुढच्या शुक्रवारपासून तुमच्या गावच्या थिएटरात, सकाळच्या खेळाला लागतोय. दुकान उशिरा उघडलं तर काही बिघडत नाही. वहिनीला घेऊन जा. सासूबाईंनाही ने, त्यांना पडद्यावरची बाई शेजारीण वाटली तरी हरकत नाही. मध्यंतरात उठायचं नाही.

आवडला नाही तर नाही आवडला. सिनेमाबद्दल खोटं बोलायला मी तुला लहानपणी शिकवलं नाही, आताही सांगणार नाही. वाईट काम केलं असं वाटलं तर तसं लिही, कुठे वाईट, का वाईट, सगळं लिही. बापाने एवढा वेळ बसून बघितलं, हे तिला त्यातून कळेल.

पण ते मला लिहू नकोस. मला लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही, आणि तू जाणतोस, मला उत्तर न देता राहणं किती जड जातं ते. मध्यस्थाचं काम मी आजपासून सोडलं. पत्ता माझाच घाल, नाव तिचं घाल, आणि सुरुवात तिला हाक मारून कर. पुढचं आपोआप सुचेल. नाही सुचलं तर तेवढंच टाक.

आणि उशीर करू नकोस. महिनाअखेरीला ती चित्रीकरणासाठी बाहेरगावी जाणार आहे, आणि घरात बंद पाकीट पडलेलं असलं की माझा हात त्याच्याकडे जातो, हे तुला पक्कं ठाऊक आहे.

तुझीच
अक्का